टाइमपास गप्पांवर पीएच.डी. होते का?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांशी विषय निवडण्याबद्दल बोलताना एक गोष्ट कायम जाणवते. विषय भारदस्तच हवा, असं सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. म्हणून आज मुद्दाम दुसऱ्या टोकाचा विषय घेऊ. पक्षिनिरीक्षण, ट्रेकिंग, गच्चीवरची बाग, फाउंटन पेन, असल्या एखाद्या छंदामुळे जमलेले आणि पुढे घट्ट मित्र झालेले दहा-पंधरा लोक, आणि त्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये दिवसभर चालणारी टवाळी. "हा काय विषय झाला?" असं कुणीही म्हणेल. पण मित्रांच्या निरर्थक वाटणाऱ्या बोलण्यावर गेली शंभर वर्षं काम चाललंय, आणि संशोधनाच्या पद्धती शिकायला याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही.

आधी नमुना बघू. हा मी रचलेला आहे, कुठल्याही खऱ्या ग्रुपमधून उचललेला नाही. असं का, ते पुढे येईलच.

पुण्याजवळच्या कवडीला पहाटे गेलेला एक जण फोटो टाकतो आणि लिहितो, "दोन तास चिखलात बसलो, पण शॉट मिळवलाच!"
"पक्षी कुठाय?"
"डावीकडचा दगड मस्त आलाय."
"दगडाची जात कोणती, साहेब?"
"अरे खंड्या आहे, लाल चोच दिसतेय बघ नीट."
"चोच होय! मला वाटलं प्लास्टिकची पिशवी अडकलीय."
"मिसळ कुठे खाल्ली ते सांग."

यातली माहिती किती? एका माणसाला एक खंड्या दिसला, बस्स. मग बाकीची सहा वाक्यं कशासाठी खर्च झाली?

या प्रश्नाचं पहिलं गाजलेलं उत्तर ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली दिलं. ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या अर्थविषयक पुस्तकाला जोडलेल्या निबंधात त्याने 'फॅटिक कम्युनियन' असा शब्दप्रयोग केला. सोप्या मराठीत, सांगण्यासाठी नाही तर नुसतं जोडलेलं राहण्यासाठी बोलणं. तो पापुआ न्यू गिनीमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून आला होता, पण त्याचा मुद्दा कळायला आपली गल्ली पुरते. समोर पिशवी घेऊन चाललेला माणूस दिसत असतो, तरी आपण विचारतो, "काय, बाजारात का?" उत्तर माहीत असतं. न विचारता पुढे गेलो तर मात्र "हल्ली ओळख दाखवत नाही" असं होतं.

इथे बहुतेक जण थांबतात. "थट्टेमुळे नातं घट्ट होतं" असं लिहितात आणि तोच निष्कर्ष समजतात. माझ्या मते हा निष्कर्ष नाही, ही सुरुवात आहे, आणि तीसुद्धा जरा धोक्याची. कारण हे वाक्य कशालाही लागू पडतं. गप्पा मारल्या तर नातं घट्ट, भांडले तर "हक्काने भांडले" म्हणून घट्ट, गप्प बसले तर "न बोलताही समजतं" म्हणून घट्ट. जे वाक्य कुठल्याच परिस्थितीत खोटं ठरू शकत नाही, त्यावर प्रबंध उभा राहत नाही. नातं घट्ट झालंय हे तुम्ही गप्पांच्या बाहेर कशावरून ओळखणार? कोण कुणाला दुर्बीण उसनी देतो? पहाटे चार वाजता कोण कुणाला गाडीवर घ्यायला जातो? असं काहीतरी वेगळं मोजलंत तरच गप्पांचा आणि नात्याचा संबंध तपासता येईल. आणि तो सापडला तरी थट्टेने मैत्री होते की मैत्री असल्यामुळे थट्टा परवडते, हा प्रश्न उरतोच.

आता नमुना परत वाचा. टवाळी नेमकी कशानंतर सुरू झाली? "दोन तास चिखलात बसलो" या वाक्यानंतर. पॉल ड्र्यू या संशोधकाने १९८७ साली इंग्रजी संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून हेच दाखवलं. खेचाखेच वाटेल तेव्हा होत नाही, तर समोरचा काहीतरी जरा जास्त करत असताना होते. तो फुशारकी मारत असेल, तक्रार ताणत असेल किंवा एखाद्या गोष्टीचं फार कौतुक करत असेल. म्हणजे थट्टा ही एक हलकी टाचणी आहे.

पण त्याचं दुसरं निरीक्षण मला जास्त आवडतं. ज्याची खेचली जाते तो बहुतेक वेळा गंभीरपणे उत्तर देतो. थट्टा आहे हे त्याला कळलेलं असतं, कधी तो हसतोही, आणि तरी खुलासा करतोच. "अरे खंड्या आहे, लाल चोच दिसतेय बघ नीट." आपल्याला वाटतं की मित्रांमध्ये थट्टेला थट्टेनेच उत्तर मिळत असेल. एकेका ओळीला पुढची ओळ काय मिळाली हे धीराने बघत गेल्यावरच असं काही हाती लागतं. संभाषण-विश्लेषण या शाखेचा सगळा भर यावरच आहे: वाक्याचा अर्थ तुम्ही ठरवू नका, पुढच्या बोलणाऱ्याने त्याचं काय केलं ते बघा.

माझं स्वतःचं काम माकडांच्या वर्तनावर आहे. म्हणून तुम्हाला वाटेल की हा बाबा इथे कुठे शिरला. तर ऐका. १९७४ साली दोन लेख आले. एक सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांचा, संभाषणात पाळी कशी बदलते यावर. दुसरा जीन ऑल्टमन यांचा, प्राण्यांचं निरीक्षण करताना नमुने कसे घ्यावेत यावर. क्षेत्रं पूर्ण वेगळी, पण ऑल्टमन यांचा इशारा गप्पांना तंतोतंत लागू होतो. दिसेल ते टिपत गेलात तर तुमच्या वहीत भडक प्रसंगच जास्त येतील. माकडांच्या कळपात मारामारी लगेच दिसते, सावलीत बसून चाललेलं उवा काढणं निसटतं. तसंच ग्रुपवरचे जबरदस्त विनोद तुम्हाला पाठ असतात, त्यांचे स्क्रीनशॉटही असतात. "हो", "पोचलास का?", "मिसळ कुठे खाल्ली?" असल्या ओळी कुणी जपत नाही, आणि गप्पांचा मोठा हिस्सा तर तोच असतो. त्यामुळे आठवणीतले किस्से म्हणजे डेटा नव्हे. महिन्यातले ठरावीक दिवस आधी निवडा, दिवसातले ठरावीक तास निवडा, आणि त्या वेळात जे येईल ते सगळं घ्या, कितीही रटाळ असलं तरी.

असं केल्यावर चित्र बदलतं. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोक एकमेकांत बोलत असताना सार्वजनिक ठिकाणी जाऊन हसण्याचे सुमारे १,२०० प्रसंग नोंदवले. १९९३ साली ते 'इथॉलॉजी' या प्राणिवर्तनाच्या नियतकालिकात छापून आलं. लोक कशानंतर हसतात? जेमतेम १० ते २० टक्के वेळा विनोद म्हणता येईल अशा कशानंतर. बाकी हसणं "चला, निघतो" छापाच्या साध्या वाक्यांनंतर. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो. विनोद झाला म्हणून हसू आलं, हे आपलं ठाम मत मोजदादीपुढे टिकत नाही.

माकडांचा धागा रॉबिन डनबार यांनी तर सरळच जोडला. काही माकडं दिवसाचा जवळपास पाचवा हिस्सा एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरण्यात घालवतात आणि त्यातून त्यांच्या युती टिकतात. माणसांचे गट मोठे झाले, प्रत्येकाला असा वेळ देणं जमेना, म्हणून गप्पांनी ती जागा घेतली, असं त्यांनी १९९६च्या पुस्तकात मांडलं. पुढच्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या सहज गप्पा ऐकून विषयांची नोंद केली, तर सुमारे दोन तृतीयांश वेळ माणसांबद्दलच्या, नात्यांबद्दलच्या बोलण्यात जात होता. ही आकडेवारी त्या गृहीतकाशी जुळते. पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. आज आपण कशाबद्दल बोलतो यावरून भाषा मुळात कशासाठी आली हे ठरत नाही. मुलाखतीत डनबार यांचं नाव घेणार असाल तर हा फरक सांगायची तयारी ठेवा, पॅनेलवर कुणीतरी हमखास विचारतं.

आता लेखी गप्पांची खास अडचण. बोलताना आवाजाची फेक असते, मोबाइलवर ती नसते. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हे तपासलं. ई-मेलमधून उपरोधिक आणि गंभीर वाक्यं पाठवणाऱ्यांना वाटत होतं की सुमारे ७८ टक्के वाक्यांचा सूर वाचणाऱ्याला बरोबर कळेल. प्रत्यक्षात कळला तो सुमारे ५६ टक्क्यांचा. नाणं उडवून ठरवलं असतं तर पन्नास. लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज वाजत असतो, आणि समोरच्यालाही तो ऐकू येतोय असं आपण धरून चालतो. याच गोंधळापायी १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, छोटी रेघ आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा सुचवला. विनोदाला 'हा विनोद आहे' अशी पाटी लावावी लागते हे तेव्हाच लक्षात आलं होतं. आपल्या ग्रुपवरचं "हाहाहा" आणि रडेपर्यंत हसणारा पिवळा चेहरा हे त्याचेच वारस.

आणखी एक. समोरासमोर बोलताना एकाची पाळी संपली की दुसऱ्याची येते. लेखी गप्पांत तीन जण एकाच वेळी टाइप करतात, आणि उत्तर प्रश्नाच्या खाली पाच ओळी सोडून येतं. सुझन हेरिंग यांनी १९९९ साली यावर लिहिलंय. म्हणून "पुढची ओळ म्हणजे उत्तर" असं आंधळेपणाने धरू नका. कोणती ओळ कशाला उद्देशून आहे, हा वेगळा रकाना तुमच्या तक्त्यात हवा.

आता सगळ्यात कटकटीचं काम, व्याख्या. मराठीने इथे आपल्याला भरपूर शब्द देऊन ठेवलेत: थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, फिरकी, टोमणा, कुचेष्टा. वर 'मस्करीची कुस्करी' आहेच, म्हणजे सीमारेषा ओलांडली जाते हे भाषेलाही ठाऊक आहे. पण 'टोमणा' कुठे सुरू होतो? तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघांनी एकमेकांना न विचारता त्याच २०० ओळींवर शिक्के मारून बघा. समजा १७० ओळींवर एकमत झालं, म्हणजे ८५ टक्के. छान वाटतं ना? थांबा. दोघांनीही ९० टक्के ओळींना 'थट्टा' म्हटलं असेल, तर डोळे मिटून शिक्के मारूनही ८२ टक्के एकमत झालं असतं. योगायोगाचा हा भाग वजा करण्यासाठी कोहेनचा कप्पा वापरतात. ०.८५ मधून ०.८२ वजा करा आणि १ मधून ०.८२ वजा करून येणाऱ्या ०.१८ ने भागा. उत्तर साधारण ०.१७ येतं, म्हणजे फारच कमी. मित्राला दोष देऊ नका, व्याख्या सैल आहे. ती घट्ट करा आणि दुसऱ्या ओळींवर पुन्हा करून बघा.

आता मी नमुना रचून का दिला, ते. ग्रुपमध्ये तुम्ही मित्र म्हणून आहात, संशोधक म्हणून कुणी तुम्हाला आत घेतलेलं नाही. तुमच्या मोबाइलमध्ये चॅट आहे म्हणजे ते वापरायला मोकळं आहे, असं होत नाही. "नावं काढून टाकतो ना" हे उत्तर पुरेसं नसतं. २००८ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या सुमारे १,७०० विद्यार्थ्यांच्या फेसबुक प्रोफाइलचा डेटा संशोधनासाठी खुला करण्यात आला, नावं आणि विद्यापीठाची ओळख काढून. डेटासोबतच्या माहितीपत्रकातल्या अभ्यासक्रमांच्या नावांसारख्या तपशिलांवरून ते हार्वर्ड असल्याचं लोकांनी थोड्याच दिवसांत ओळखलं, आणि पुढे तो डेटा मागे घ्यावा लागला. मायकेल झिमर यांचा २०१०चा लेख यावरच आहे, तो जरूर वाचा. पंधरा जणांच्या ग्रुपमध्ये तर ओळखायला माहितीपत्रकही लागत नाही. "चिखलात बसलेला" म्हटलं की चौदा जणांना नाव कळतं.

भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्यात संशोधनासाठी अटींसह सवलत आहे, पण कायद्याची सवलत म्हणजे मित्रांची परवानगी नव्हे, आणि संस्थेची नीतिशास्त्र समिती दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचारेल. समितीची मंजुरी आधी, चॅट नंतर. परवानगी ग्रुपवर जाहीर विचारू नका, तिथे "नको" म्हणणं अवघड असतं. प्रत्येकाला वेगळं विचारा. कोणत्या तारखांचं बोलणं घेणार, ते कोण वाचणार, कधी पुसणार, आणि नंतर मन बदललं तर काय करायचं, हे लिहून द्या. शक्यतो पुढच्या तारखा घ्या. लोक जरा सावध लिहितील, ते चालेल, पहिला आठवडा बाजूला ठेवता येतो. मागचं बोलणं मात्र ज्या भरवशावर झालं, त्या भरवशात तुमचा प्रबंध नव्हता.

आणि कुणी एकाने "नको" म्हटलं, तर त्याच्या ओळी काढून काम भागत नाही. "प्लास्टिकची पिशवी" काढली तरी त्याला मिळालेलं उत्तर उरतं आणि त्यातून काढलेली ओळ डोकावते. त्यामुळे तो जिथे जिथे बोलला, तो पूर्ण प्रसंगच सोडावा लागतो. तो ग्रुपमधला सगळ्यात बोलका माणूस असेल तर तुमचा निम्मा डेटा जाईल. म्हणून विषय मांडण्याआधीच दोन-तीन वेगळे ग्रुप हाताशी ठेवा, आणि त्यातला निदान एक असा असू द्या ज्यात तुम्ही स्वतः नाही.