नाटकाआधी पुस्तकं विकणारी पोरं

पथनाट्यानं जंगल वाचतं का, असं संपादकांनी विचारलं आणि मला केरळ आठवलं. केरळ शास्त्र साहित्य परिषद 1962 साली कोझिकोडला स्थापन झाली, मल्याळममधून विज्ञान लिहिणाऱ्यांची. कुंतीपुळा नदीवरच्या धरणात सायलेंट व्हॅलीचं जंगल बुडणार असं दिसल्यावर हीच मंडळी लढ्यात उतरली. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद त्यांत आघाडीवर होते. 1984 मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्याचं श्रेय एकट्या नाटकाला देता येणार नाही; शास्त्रज्ञ आणि कवीही हिरिरीनं लढले. पण त्याच धामधुमीत, 1980 मध्ये, परिषदेनं पहिला शास्त्र कला जत्था काढला.

जत्था म्हणजे हौशी कलावंतांचं पथक: विद्यार्थी, शिक्षक, कामगार. आधी शिबिरात तालीम, मग गाडीतून गावोगाव. पडदा नाही, नेपथ्य नाही. चौकात वाद्य वाजलं की लोक कडं करून उभे राहतात, आणि माणसांचंच झाड होतं, माणसांचाच कारखाना. तिकीटही नाही. जत्थ्याचा खर्च निघतो तो परिषदेच्या पुस्तकांच्या विक्रीतून, आणि मला खरी भुरळ पडली ती या व्यवस्थेची. जत्था बोलावायचा तर गावातल्या पोरांनी आधी दारोदार पुस्तकं विकायची. नाटक येण्याआधीच घराघरांत बोलणं झालेलं असतं, आणि गाडी पुढच्या गावाला गेली तरी पुस्तक फळीवर राहतं. हीच रीत पुढं देशभर गेली. 1987 मध्ये भारत जन विज्ञान जत्थे पाच दिशांनी निघून भोपाळला पोचले. आपली लोकविज्ञान संघटनाही त्यात होती.

आता मात्र काम अवघड झालंय. सायलेंट व्हॅलीच्या जंगलात वस्ती नव्हती, कुणाची शेती जाणार नव्हती. पुण्याच्या माधव गाडगीळांच्या समितीनं 2011 मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, तेव्हा इडुक्की-वायनाडमधले शेतकरीच त्याच्या विरोधात रस्त्यावर आले. जमीन जाईल ही त्यांची धास्ती होती. 2024 च्या जुलैत वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली, तरी ती धास्ती काही संपलेली नाही. धरणाविरुद्ध नाटक करताना समोरचा प्रेक्षक आपल्या बाजूला ओढता येतो. इथं तर ज्याला पटवायचं तोच कड्यात उभा आहे. त्याला खलनायक न करता, त्याच्या कर्जाचा आणि मिरीच्या भावाचा हिशेब धरून नाटक लिहावं लागेल. तसं लिहिणारी पोरं मिळतीलही. त्यांना नोकरीतून महिनाभराची रजा कोण देणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.