रविवारचा गोलंदाज आणि त्याची बधिर बोटे

खांदेश्वर स्थानकाच्या परिसरात सिडकोने वसवलेल्या खांदा कॉलनीतील चाकरमान्याचा उजवा हात आठवड्याचे सहा दिवस काय काय करतो याची यादी मांडली, तर सातव्या दिवशी त्याच हाताने वेगवान गोलंदाजी करणे हे केवढे साहस आहे याची कल्पना येते. सकाळी दुचाकीची मूठ, मग हार्बर लोकलमध्ये डोक्यावर धरलेली कडी, दिवसभर संगणकाचा माउस आणि रात्री अंथरुणात कोपर दुमडून धरलेला मोबाइल, एवढी चाकरी बजावून दमलेला तो हात रविवारी टर्फवर अथवा मैदानात टेनिसचा चेंडू घेऊन रुजू होतो. आणि सोमवारी शर्टाची गुंडी लावताना बोटांना गुंडीच लागत नाही.

रायगड जिल्ह्यात टेनिस क्रिकेटला खरा रंग चढतो तो पाऊस सरल्यावर, भातकापणी होऊन शेते मोकळी झाली म्हणजे. मुंबईची कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. हौशी गोलंदाज मात्र जूनपासून चार-पाच महिने चेंडूला क्वचितच हात लावतो आणि हंगामाच्या पहिल्याच रविवारी पूर्ण जोराने धावत सुटतो. चार-सहा षटकांचा सामना, त्यात आपल्या वाट्याला एखाददुसरे षटक, तेव्हा श्रम ते कितीसे, असा त्याचा हिशेब असतो. पण संघ पुढच्या फेरीत गेला की त्याच दिवशी दुसरा सामना, मग तिसरा, आणि मधल्या वेळात प्लास्टिकच्या खुर्चीवर वडापाव खात बसल्याने थंड पडलेल्या शरीरानिशी टाकलेला पहिलाच चेंडू सर्व ताकदीचा. अतिश्रमाच्या अनेक दुखापतींचे मूळ एकूण श्रमापेक्षा या अकस्मात वाढलेल्या श्रमात असते.

चेंडू हलका म्हणून इजा कमी, हाही समज पूर्णतः खरा नव्हे. क्रिकेटच्या चामडी चेंडूचे वजन 156 ते 163 ग्रॅम, तर टेनिसच्या चेंडूचे 56 ते 59 ग्रॅमच्या आसपास; परंतु या हलक्या चेंडूला वेग यावा म्हणून गोलंदाज कोपर वाकवून हात झटकतो, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत कोपर सरळ होण्यावर असलेली 15 अंशांची मर्यादा येथे कोण मोजणार? सीमेवरून केलेल्या जोरदार फेकींची त्यात भर पडते. या झटक्यांत कोपराच्या आतल्या बाजूस हाडामागून जाणारा अल्नर नावाचा मज्जातंतू वारंवार ताणला व घासला जातो. कोपर टेबलाच्या कडेला आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्या याच मज्जातंतूच्या.

शरीराच्या कारभारात दुखणे हे कडक अंमलदार आहे. ते माणसाला जागीच थांबवते. सचिन तेंडुलकरसारख्या खेळाडूलाही 2004 साली टेनिस एल्बो या कोपराच्या दुखण्याने सामन्यांबाहेर बसवले आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करून घेणे भाग पाडले. बधिरपणाचा स्वभाव नेमका उलटा: तो कोणासही थांबवत नाही. हात झटकला की मुंग्या जातात, त्या गेल्या की खेळ चालू राहतो, आणि म्हणूनच वेदनेपेक्षा त्याची दखल अधिक तातडीने घेतली पाहिजे.

सुदैवाने बोटे स्वतःच बऱ्याच अंशी निदान सांगतात. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अंगठ्याकडील बाजू बधिर होत असेल, विशेषतः रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर मनगटातील कार्पल टनेल या अरुंद बोगद्यात, जिथून 9 स्नायुरज्जूंच्या सोबतीने मीडियन मज्जातंतू जातो, तिथे दाब असण्याचा संभव आहे. करंगळी व अनामिकेची तिच्याकडील बाजू बधिर होत असेल, तर संशय अल्नरवर. अनामिकेचे दोन्ही काठ एकाच तऱ्हेने बधिर असतील आणि मानही अवघडत असेल, तर तक्रारीचे मूळ मानेच्या मणक्यांपाशी असू शकते. टेनपिन बोलिंग खेळणाऱ्यांत आणखी एक प्रकार आढळतो: सुमारे 7 किलोपर्यंतचा तो जड गोळा उचलताना त्याच्या छिद्राची कड अंगठ्याच्या तर्जनीकडील बाजूस रुतत राहते आणि तेथील बारीक मज्जातंतूभोवती कठीण गाठ धरते.

एक चाचणी घरच्या घरी करता येते. अंगठा सरळ ठेवून तो व तर्जनीची कड यांच्यामध्ये कागदाचा तुकडा पकडावा आणि दुसऱ्यास ओढावयास सांगावे. कागद राखण्यासाठी अंगठ्याचे टोक आकड्यासारखे वाकू लागले, तर अल्नरच्या ताब्यातील स्नायू दुर्बळ झाले असण्याची शक्यता असते. फ्रोमाँ या फ्रेंच वैद्याच्या नावाने ही खूण ओळखली जाते. अर्थात प्रत्येक मुंगीचा दोष गोलंदाजीच्या माथी मारू नये. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि निव्वळ शाकाहारी मंडळींत वरचेवर दिसणारी बी-12 जीवनसत्त्वाची उणीव हीदेखील तितकीच सामान्य कारणे आहेत, आणि ती साध्या रक्ततपासणीत सापडतात. बोट पांढरे वा निळे पडून गार झाले, हाताबरोबर तोंड वाकडे झाले, अथवा छातीत दुखू लागले, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

आरंभीच्या अवस्थेत उपाय साधे असतात: काही आठवडे गोलंदाजीस विश्रांती, मनगटाच्या तक्रारीसाठी रात्री ते सरळ ठेवणारा पट्टा, कोपराच्या तक्रारीसाठी झोपताना ते दुमडू नये म्हणून सैल गुंडाळलेला टॉवेल, आणि मोबाइलसाठी आधार. परतताना षटके हळूहळू वाढवावीत, हंगामापूर्वी महिनाभर आधीपासून हलकी गोलंदाजी सुरू करावी आणि प्रत्येक सामन्यापूर्वी नव्याने अंग गरम करावे. बधिरपणा सतत राहू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या वा तळहाताचा मांसल भाग सपाट दिसू लागला, तर अस्थितज्ज्ञाच्या सल्ल्याने मज्जातंतूंच्या वहनाची तपासणी करून घ्यावी. मज्जातंतूचे नष्ट झालेले धागे पुन्हा दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर या गतीने वाढतात, आणि कोपरापासून तळहातापर्यंतचे अंतर असते 25 ते 30 सेंटिमीटर. म्हणजे आज दोन-चार रविवार सोडण्याची ज्याची तयारी नाही, त्याला पुढे आठ-दहा महिन्यांचे रविवार द्यावे लागण्याचा संभव आहे.