लेन्सभोवतीची बारीक अक्षरं

मावसभावाने लेकीच्या गॅदरिंगसाठी ऑनलाइन एक छोटा कॅमेरा मागवला. खोक्यावर सोनेरी अक्षरांत ६४ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम, फोर-के व्हिडिओ; आणि किंमत पाच हजारांच्या आत. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा घेऊन माझ्याकडे आला. फोटोंत स्टेज दिसत होतं, लाल-पिवळे डाग दिसत होते, पण कोळीनृत्यातली आपली पोर कुठली, हे त्यालाही सांगता येईना. मी झूमचं बटण दाबून पाहिलं. पडद्यावरचं चित्र मोठं झालं, लेन्स जागची हलली नाही. म्हणजे तो झूम नव्हताच. मधला तुकडा कापून ताणून दाखवायची ती सोय होती, आणि ती घरी संगणकावरही करता येते.

त्याच्या पैशांपेक्षा मला त्या संध्याकाळचं वाईट वाटलं. ती काही परत येणार नाही. म्हणून कॅमेरा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. खोक्यावरचे मोठे आकडे सोडा, लेन्सभोवतीच्या कड्यावरची बारीक अक्षरं वाचा. कॅमेरा कमी उजेडात तग धरेल की नाही, हे तिथे जवळजवळ सगळं लिहिलेलं असतं.

‘मेगापिक्सेल जास्त, तितका फोटो चांगला’

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. ४ बाय ६ इंचांचा फोटो दर इंचाला ३०० ठिपके धरून छापला, तर १८०० गुणिले १२०० म्हणजे जेमतेम २२ लाख ठिपके लागतात. ए-फोर आकाराच्या पानाला ८.७ मेगापिक्सेल पुरतात. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा ८.३ मेगापिक्सेलमध्ये भरतो. घरच्या अल्बमसाठी त्यापुढची चढाओढ फारशी उपयोगाची नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तर फोटो आणखी आक्रसतो.

उलट ठिपके वाढवण्याचा तोटाही होऊ शकतो. उजेड टिपणारा आतला सेन्सर तेवढाच ठेवून ठिपके वाढवले की प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेड कमी येतो. कॅमेरा कंपन्यांना हे ठाऊक आहे. कॅननच्या २००८ च्या पॉवरशॉट जी१० मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्याच वर्षी आलेल्या जी११ मध्ये कंपनीने तो आकडा १० वर आणला, सेन्सरचा आकार तोच ठेवून. कमी उजेडातलं चित्र सुधारावं म्हणून उचललेलं ते पाऊल होतं.

आणि पाच हजारांत मिळणारे ६४ मेगापिक्सेल? अशा बिननावाच्या कॅमेऱ्यांत सेन्सरवर खरे ठिपके बऱ्याचदा फार कमी असतात. उरलेले शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. माहितीपत्रकात ‘इफेक्टिव्ह पिक्सेल’ किती लिहिलेत ते शोधा. तो आकडाच दिलेला नसेल, तर वस्तू परत ठेवा.

‘एक इंची सेन्सर एक इंचाचा असतो’

नाही. ही मापं जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांवरून आली आहेत. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असे, पण चित्र उमटायची जागा त्याहून लहान. नळ्या गेल्या, नाव राहिलं. आजचा ‘एक इंची’ सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो, साधारण करंगळीच्या नखाएवढा. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत सर्रास असतो तो १/२.३ इंची. तो ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याहून फार मोठा नाही. दोन्हींच्या क्षेत्रफळात चौपटीचा फरक आहे. अंगणात पावसाचं पाणी धरायला परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर तेवढ्याच पावसात कशात किती साठेल? सेन्सरचं आणि उजेडाचं नातं तसंच आहे.

आता कड्याकडे वळू. सोनीच्या २०१२ च्या आरएक्स१०० वर १.८-४.९ आणि १०.४-३७.१ असे आकडे आहेत. कॅननच्या २०१४ च्या जी७एक्सवर ८.८-३६.८ आणि १:१.८-२.८. कॅननच्याच इक्सस २८५ वर ४.५-५४ आणि १:३.६-७. मिलिमीटरमधले आकडे लेन्सचं खरं नाभीय अंतर सांगतात, आणि त्यातला पहिला आकडा सेन्सरची चुगली करतो. झूमची छोटी लेन्स चार-साडेचार मिलिमीटरपासून सुरू होत असेल, तर आत डाळीएवढा सेन्सर आहे. नऊ-दहाच्या आसपास सुरू होत असेल, तर एक इंची. दुकानदाराला काही विचारायची गरजच नाही.

लहान आकड्यांची जोडी लेन्सचं तोंड किती उघडतं ते सांगते. इथे आकडा लहान तितकं तोंड मोठं, आणि हिशोब वर्गाचा आहे. १.८ च्या जागी ३.६ आलं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. जोडीतला पहिला आकडा झूम न करता मिळणारा आणि दुसरा पूर्ण झूमवरचा. जाहिरातीत पहिलाच मिरवतात. तुम्ही दुसरा आधी बघा.

‘झूम जास्त, तेवढं लांबचं चांगलं येतं’

इथे थोडा वेळ थांबू, कारण गॅदरिंगला, साखरपुड्याला, नाटकाला फसगत होते ती इथेच.

‘१२ एक्स’ म्हणजे वस्तू बारा पट जवळ येते असं नव्हे. लेन्सचं सर्वांत लांब नाभीय अंतर सर्वांत आखूड अंतराच्या किती पट आहे, एवढंच त्याने कळतं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या परिभाषेत इक्सस २८५ ची लेन्स २५ ते ३०० आहे, म्हणून १२ एक्स. जी७एक्सची २४ ते १००, म्हणून ४.२ एक्स. दोन्ही कॅमेरे २०.२ मेगापिक्सेलचेच. आकडे पाहून कुणीही म्हणेल, दहाव्या रांगेतून स्टेजवरची पोर टिपायला बारा एक्सवाला घ्या.

हिशोब करून पाहू. पूर्ण झूमवर इक्ससचं तोंड ७ वर आलेलं असतं, जी७एक्सचं २.८ वर. सात भागिले दोन पूर्णांक आठ म्हणजे अडीच. त्याचा वर्ग सव्वासहा. सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर जी७एक्समध्ये सव्वासहा पट उजेड पडतो, आणि त्याचा सेन्सर चौपट मोठा. म्हणजे एकूण उजेड पंचवीस पट. पण त्याचा झूम तिसऱ्या हिश्शाचा. मुलीचा चेहरा तेवढाच मोठा हवा, तर फोटो मधून कापावा लागेल आणि नववा भागच हाती उरेल. पंचवीस भागिले नऊ, म्हणजे पावणेतीन. कापून घेतलेल्या तुकड्यातही बारा एक्सवाल्याच्या पावणेतीन पट उजेड आहे. ठिपके उरतात २.२ मेगापिक्सेल, म्हणजे ४ बाय ६ च्या प्रिंटला नेमके पुरेसे.

आखूड झूमवाला लांब झूमवाल्याला स्टेजवर हरवतो, हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. पण लांब झूम वाईट, असा याचा अर्थ नाही. सिंहगडावरून समोरचा डोंगर, भिगवणला उजनीच्या पाण्यातले फ्लेमिंगो, मैदानावरचा सामना, अशा ठिकाणी उन्हाला तोटा नसतो. तिथे १/२.३ इंची सेन्सर आणि लांब झूम ही जोडी फार समाधान देते. एवढा मोठा झूम एवढ्याशा देहात बसतो तोच मुळी सेन्सर लहान असतो म्हणून. निकॉनच्या २०१५ च्या पी९०० मध्ये ८३ पटींचा झूम मावला तो असाच, अर्थात तो कॅमेरा सुमारे ९०० ग्रॅमचा आहे आणि खिशात जात नाही.

‘स्टॅबिलायझर आहे, आता फोटो हलणार नाही’

स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर सावरतो. नाचणाऱ्या मुलाचे पाय थांबवणं त्याच्या हाती नाही. ते काम शटरचं, आणि शटर जलद चालायला उजेड लागतो. देवळाचा कळस किंवा झोपलेलं बाळ स्थिर असतं, तिथे स्टॅबिलायझरचा खरा उपयोग. फुगडीला नाही.

‘मोठा काळा कॅमेरा म्हणजे चांगला फोटो’

लग्नातले फोटोग्राफर पाहून झालेला हा समज. त्यांच्या कॅमेऱ्याइतकाच जीव त्यांच्या लेन्समध्ये असतो. प्राथमिक डीएसएलआरबरोबर येणाऱ्या साध्या लेन्सचं तोंड ३.५ ते ५.६ इतकंच उघडतं. सेन्सरचं क्षेत्रफळ धरून एकूण उजेड मोजला, तर खिशात मावणारा जी७एक्स त्या जोडीच्या तोडीस तोड, किंबहुना थोडा पुढेच निघतो. डीएसएलआरची मजा लेन्स बदलण्यात आहे. दुसरी लेन्स कधीच घेणार नसाल, तर दर रविवारी तो भार गळ्यात का वागवायचा?

‘कुठलाही कॅमेरा फोनपेक्षा बराच’

दहा-बारा वर्षांपूर्वी हे बरंचसं खरं होतं. आज चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर स्वस्त छोट्या कॅमेऱ्यातल्यापेक्षा मोठा असतो. शिवाय फोन रात्री एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते एकत्र विणतो. स्वस्त कॅमेरा मागे पडतो तो इथे. तरी दोन गोष्टींत तो फोनच्या पुढे राहतो. एक म्हणजे लेन्स पुढेमागे सरकून होणारा खरा झूम. दुसरा झेनॉनचा फ्लॅश. फोनचा एलईडी मिणमिणता राहतो, झेनॉन मात्र सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात लखकन पेटतो, आणि अंधाऱ्या मांडवातला फेर धरलेला घोळकाही जागच्या जागी गोठवतो. त्याची पोच काही मीटरांचीच, हे लक्षात असू द्या. दहाव्या रांगेतून स्टेजवर फ्लॅश मारून समोरच्या आजोबांचं टक्कल तेवढं उजळतं.

या दोन्हींची गरज नसेल, तर कॅमेरा घेऊ नका. फोन आहे तो पुरेसा आहे.

‘जुन्या सीसीडी कॅमेऱ्याचे रंग वेगळेच’

कॉलेजातली मुलं सध्या घरातली २००५-२०१० ची डबडी शोधून काढतात आणि सीसीडी सेन्सरच्या रंगांची वाखाणणी करतात. त्यांचा आनंद खरा आहे, कारण मात्र वेगळं आहे. सीसीडी असो वा सीमॉस, सेन्सरला रंग कळतच नाही, त्याला फक्त उजेड मोजता येतो. रंग येतो ठिपक्यांवर बसवलेल्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांतून आणि नंतर कॅमेऱ्याच्या आतल्या प्रक्रियेतून. त्या काळच्या कंपन्यांनी रंग गडद राखले, फ्लॅश समोरून थेट पडत होता, त्यातून ती छटा तयार झाली.

जुना कॅमेरा घ्यायलाच हवा अशी मात्र आता परिस्थितीच आहे. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०२३ मध्ये ८० लाखांहूनही कमी. छोट्या कॅमेऱ्यांची नवी मॉडेलं क्वचितच येतात. त्यातही नाव ओळखीचं म्हणून भुलू नका. पिक्सप्रो कॅमेऱ्यांवर कोडॅक हे नाव आहे, पण ते परवान्याने वापरलेलं; कॅमेरे दुसरीच कंपनी विकते. साध्या कामाला ते चालतात, फक्त फिल्मच्या काळातल्या कोडॅकचा भरवसा त्यांना आपोआप लावू नये.

म्हणून मी मावसभावाला मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात नेलं आणि वापरलेला एक इंची कॅमेरा शोधला. जाताना खिशात स्वतःचं कार्ड होतं. फार जुने कॅमेरे २ जीबीपुढचं कार्ड ओळखत नाहीत, त्यानंतरचे बरेच ३२ जीबीवर थांबतात. काहींना तर आता सहज न मिळणारी एक्सडी कार्डं लागतात. लेन्स चार-पाच वेळा पूर्ण बाहेर काढून आत घेतली आणि कुठे अडखळते का ते ऐकलं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून काचेत डोकावलो. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, असा कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात पूर्ण झूमवर फोटो काढले. बॅटरी फुगलेली नाही ना आणि नवी मिळते ना, हे विचारलं. बिल घेतलं. बिलाशिवाय मिळणारा कॅमेरा दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो, पण बिघडला की दाद मागायला जागा उरत नाही.

बुरशीचा प्रश्न आपल्याकडे मोठा, त्यातून मावसभाऊ कोकणात राहतो. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्या, एवढ्यावर काम भागतं. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा कपाटात ठेवू नये, चामडं ओल धरतं. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी डबा उघडायचा, जेलचा रंग बदलला असेल तर पुड्या बदलायच्या, लेन्स दोनदा आतबाहेर करायची आणि दाराशी येऊन चार फोटो काढायचे. त्याच्या लेकीने ते काम स्वतःकडे घेतलं आहे.