दारू सोडूं इच्छिणारांची सभा



प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. फेरफाराच्या नोंदींत जमीन कोणीं विकली, कोणीं घेतली, किती गुंठे व किती रुपयांस, हें सर्व लिहिलेलें असतें. कां विकली, तें लिहिण्यास रकाना नाहीं. पुष्कळ नोंदींमागें दारू हेंच कारण असे, आणि कचेरींत आम्हां सर्वांस तें ठाऊक असे. अशाच एका नोंदींत माझ्या धाकट्या चुलतभावाचें नांव आलें. विहिरीलगतची दीड एकर बागाईत एका दिवसांत गेली.

त्यापूर्वीं आम्हीं घरच्यांनीं सर्वजण करितात तेंच केलें. देवापुढें शपथ घातली, ती पुढच्या बाजारापर्यंत टिकली. उंसाचें बिल त्याच्या हातीं पडूं दिलें नाहीं, तर त्यानें उसनवार केली. चारचौघांत फजिती केली, तर तो लपून पिऊं लागला. अखेर सरकारी इस्पितळांतील डॉक्टरांनीं सांगितलें कीं, हा नुसता हट्ट नव्हे, आजार आहे. औषधानें शरीर सांवरेल, परंतु पुढचा एकेक दिवस काढण्यास सोबत लागेल. ती सोबत ज्या सभांत मिळते, त्यांविषयीं हा लेख आहे.

या सभांचा उगम अमेरिकेंतील ओहायो राज्यांत, अॅक्रन शहरीं, सन १९३५ मध्यें झाला. बिल विल्सन हे शेअरबाजारांतील गृहस्थ व बॉब स्मिथ हे शस्त्रवैद्य, असे दोघे दारूनें पुरते खचलेले होते. एका पिणारानें दुसऱ्यास आपली खरी हकीकत सांगितली म्हणजे दोघांसही ओढ आवरतां येते, असा त्यांस अनुभव आला. त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’, थोडक्यांत ‘एए’, हा संघ निघाला. भारतांत त्याचें कार्य १९५७ सालीं सुरू झालें. कुटुंबीयांसाठीं ‘अल-अॅनॉन’ नांवाचा निराळा संघ १९५१ सालीं निघाला. आपल्याकडे पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्यानें १९८६ सालीं ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र स्थापिलें.

सभा कोठें भरते, हें कसें शोधावें? जिल्हा इस्पितळांतील मानसोपचार विभागांत किंवा जवळच्या व्यसनमुक्ति केंद्रांत विचारावें. केंद्र सरकारचा १४४४६ हा दूरध्वनि विनामूल्य आहे. विचारतांना वार, वेळ, जागा व भाषा हीं चारही विचारून लिहून घ्यावीं. शिवाय सभा ‘खुली’ कीं ‘बंद’, हेंही विचारावें. खुल्या सभेंत नातेवाईकांस बसतां येतें, बंद सभेंत फक्त दारू सोडूं इच्छिणारांस. सभा बहुधा शाळेच्या खोलींत किंवा एखाद्या संस्थेच्या वा चर्चच्या दालनांत सायंकाळीं भरते. म्हणून परतीची शेवटची एस. टी. केव्हां सुटते, तें आधीं पाहावें. आमची पहिली सभा या एका चुकीनें अर्धी सोडावी लागली.

आंत गेल्यावर कोणी आडनांव, जात वा जमीन विचारीत नाहीं. वर्गणी नाहीं, शेवटीं पिशवी फिरते, तींत सभासद इच्छेस येईल तें टाकतात. बाहेरच्यांची देणगी हा संघ घेत नाहीं. दारू सोडण्याची इच्छा, एवढी एकच अट. एकेक जण उठून आपली हकीकत सांगतो. मध्यें कोणी बोलत नाहीं, उपदेश करीत नाहीं. पहिल्या दिवशीं नुसतें ऐकलें तरी चालतें. देवाचें नांव निघतें, परंतु तो ज्याला जसा समजेल तसा. जन्मभराची शपथ कोणी घालीत नाहीं. आजचा दिवस पिणार नाहीं, एवढेंच. एक सभा मनास न आल्यास दुसरीकडे जावें. निदान चारपांच वेळां गेल्यावांचून मत बनवूं नये.

येथें एक इशारा अवश्य आहे. जो रोज पुष्कळ पितो, त्याची दारू एकाएकीं बंद करूं नये. पहिल्या तीनचार दिवसांत हातपाय कांपणें, झटके येणें, भ्रम होणें असे प्रकार होतात व प्रसंगीं जीवही जातो. आधीं डॉक्टर, मग सभा.

या सभांचा उपयोग खरोखर होतो काय? सन २०२० मध्यें कॉक्रेन या संस्थेनें २७ अभ्यास व १०,५६५ माणसें यांचा एकत्र विचार प्रसिद्ध केला. रोग्यास पद्धतशीरपणें या सभांकडे वळविलें, तर दारूपासून अखंड दूर राहणारांचें प्रमाण इतर रूढ उपचारांपेक्षां अधिक दिसलें.

माझा चुलतभाऊ दोनदां घसरला. दुसऱ्या वेळीं तो लाजून घरींच बसला होता. मीं त्यास मोटारसायकलीवर मागें बसवून नेलें. तेथें कोणीं रागें भरलें नाहीं. त्यास बसावयास खुर्ची दिली. त्यास आतां पावणेदोन वर्षें झालीं. गेलेली दीड एकर परत आली नाहीं व येणारही नाहीं. परंतु उरलेल्या सव्वा एकराच्या सातबाऱ्यावर त्यानंतर नवा बोजा चढलेला नाहीं.

बंधूंनो, आपल्या वाड्यांत वा शेजारीं असा कोणी असेल, तर त्यास शपथ घालूं नका. वार व वेळ विचारून घ्या, आणि पहिल्या सभेस त्याच्याबरोबर स्वतः जा. बिलाचा पैसा हातीं येण्यापूर्वीं गेलांत, तर अधिक बरें.