रासायनिक प्रदूषण आणि धोरणनिर्मिती : शिसेयुक्त पेट्रोलच्या इतिहासाचा धडा

प्रस्तावना :
रासायनिक प्रदूषणविषयक धोरण विज्ञानावर आधारलेले असावे, याबाबत दुमत नाही. मतभेद होतात ते पुढच्या प्रश्नावर. किती पुरावा हाती आल्यावर शासनाने कृती करावी आणि तो पुरावा कोणी सादर करावा? या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास समाजाला किती मोठी किंमत मोजावी लागते, हे शिसेयुक्त पेट्रोलच्या इतिहासावरून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात या इतिहासातील निर्णायक टप्प्यांचा आढावा घेतला आहे.

पुराव्याचा भार :
पेट्रोलमध्ये टेट्राइथिल लेड मिसळल्यास इंजिनातील ठोके थांबतात, असे १९२१ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सचे संशोधक थॉमस मिजली यांना आढळले. १९२३ मध्ये अशा पेट्रोलची विक्री सुरू झाली. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात या द्रव्याच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले. १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत ॲलिस हॅमिल्टन व यँडेल हेंडरसन यांनी सार्वजनिक आरोग्यास असलेल्या धोक्याचा इशारा दिला. मात्र बंदी घालण्यास पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष शासननियुक्त समितीने १९२६ मध्ये काढला. सरकारी निधीतून अभ्यास पुढे चालू ठेवावा, अशी शिफारसही याच समितीने केली होती. ती कागदावरच राहिली. त्यानंतर सुमारे चार दशके या विषयावरील संशोधन प्रामुख्याने उद्योगांच्या पैशावर चालले. या संशोधनाचे अध्वर्यू रॉबर्ट केहो यांच्या मते, शिसे मानवी शरीरात स्वाभाविकपणेच असते आणि ठरावीक मर्यादेखाली ते अपायकारक नसते. अपाय होतो असे ज्याला वाटते, त्याने तो सिद्ध करावा, अशी ही भूमिका होती. परिणामी पुराव्याचा भार प्रदूषण करणाऱ्यावर न पडता ते सोसणाऱ्यावर पडला.

‘नेहमीचे’ आणि ‘नैसर्गिक’ :
या भूमिकेला तडा दिला तो भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी. शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय ठरवताना त्यांना प्रयोगशाळेतील प्रत्येक वस्तूवर बाहेरून आलेले शिसे आढळत होते. आपल्या १९६५ च्या लेखात त्यांनी ‘नेहमी आढळणारे’ प्रमाण आणि ‘नैसर्गिक’ प्रमाण यांत भेद केला. सर्वांच्या शरीरात शिसे आढळते, यावरून ते नैसर्गिक आहे असे ठरत नाही; सर्वच जण प्रदूषित झाले आहेत, असाही त्याचा अर्थ असू शकतो. ग्रीनलंडच्या हिमथरांच्या अभ्यासातून औद्योगिक काळात शिशाचे प्रमाण कसे वाढत गेले, हेही पुढे दिसून आले.

मोजमाप आणि निर्णय :
१९७३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पेट्रोलमधील शिसे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा नियम केला. उद्योगांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. परंतु आरोग्यरक्षणासाठी कृती करण्यास पूर्ण निश्चितीची वाट पाहणे आवश्यक नाही, असा निर्णय १९७६ मध्ये झाला. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या दुधाच्या दातांतील शिसे व बुद्ध्यंक यांचा संबंध दाखवला. १९७६ ते १९८० या काळातील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात रक्तातील शिशाची सरासरी सुमारे ३७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पेट्रोलमधील शिसे घटत गेले, तसतसे रक्तातील शिसेही उतरत गेले होते. १९८५ मध्ये निर्बंध अधिक कडक करताना हा पुरावा मोलाचा ठरला.

भारतीय संदर्भ :
भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले आणि फेब्रुवारी २००० पासून संपूर्ण देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. दरम्यान, तमिळनाडूतील चर्मोद्योगांच्या प्रदूषणासंबंधीच्या वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सावधगिरीचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले. आपली कृती पर्यावरणास घातक नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योजकावर आहे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. केहो यांच्या भूमिकेच्या नेमका उलट असा हा विचार होय. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. वाहनांसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलची जगातील अखेरची विक्री २०२१ मध्ये अल्जेरियात थांबली.

समारोप :
१९६० च्या दशकात अमेरिकेत १०० मिलिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंतचे शिसे चिंताजनक मानले जात नव्हते. २०२१ पासून तेथे मुलांच्या बाबतीत ३.५ मायक्रोग्रॅमपासूनच दखल घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तर शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. विज्ञान असे बदलत जाते, ही त्याची उणीव नव्हे. मात्र अंतिम पुराव्याची वाट पाहत बसणे हासुद्धा एक धोरणात्मक निर्णयच असतो आणि त्याची किंमत बहुधा लहान मुले मोजतात. म्हणून संशोधन हितसंबंधांपासून मुक्त असावे, निर्णयाआधी व निर्णयानंतरही मोजमाप चालू राहावे आणि नवे रसायन बाजारात आणणाऱ्यानेच त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा द्यावा. या तीन गोष्टी साधल्या, तरच विज्ञान धोरणाला वेळेवर मार्ग दाखवू शकेल.