गोलरक्षकाला बाहेर केव्हा बोलवावे?

काही वर्षांपूर्वी, ऐन हिवाळ्यात, मुलीकडे टोरांटोला महिनाभर राहण्याचा योग आला. बाहेर बर्फ आणि घरात दूरचित्रवाणीवर बर्फावरची हॉकी, असा दिनक्रम होता. हॉकी म्हटले की आम्हा इंदूरकरांच्या डोळ्यांपुढे महूचे शंकर लक्ष्मण उभे राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीतले हे गोलरक्षक १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिक खेळले. १९६४ साली टोकियोच्या अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानवर १-० अशी मात केली, त्यात त्यांनी अडवलेल्या फटक्यांचा वाटा मोठा होता. गोलरक्षक म्हणजे संघाची शेवटची भिंत, हा संस्कार मनात घेऊनच मी तो बर्फावरचा सामना पाहत होते.

शेवटची दीड-दोन मिनिटे उरली होती. एका गोलाने मागे असलेल्या संघाच्या प्रशिक्षकाने खूण केली आणि त्यांचा गोलरक्षक गोल उघडा टाकून चक्क बाकावर येऊन बसला! त्याच्या जागी आणखी एक आक्रमक मैदानात उतरला. मी चक्रावून विचारले, ‘‘हा काय आत्मघात?’’ जावई हसून म्हणाले, ‘‘आई, तसाही सामना हातातून चाललाच आहे. एका गोलाने हरले काय आणि तिनाने हरले काय, गुणतक्त्यात हार एकच.’’

त्या एका वाक्याने माझी झोप उडवली. त्याचे कारण पुढे सांगते. आधी हा खेळ समजून घेऊ.

बर्फावरच्या हॉकीत गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. गोलरक्षक काढून सहावा आक्रमक उतरवण्याची युक्ती जुनी आहे. १९३१ साली बॉस्टन ब्रुइन्सचे प्रशिक्षक आर्ट रॉस यांनी माँट्रियलविरुद्धच्या सामन्यात शेवटची ४० सेकंदे उरली असता ती वापरली. बरोबरी काही झाली नाही. संघ ०-१ असा हरला. पण युक्ती रुजली, आणि तिच्याबरोबर ‘शेवटच्या मिनिटात’ हा संकेतही रुजला. पुढली कित्येक दशके प्रशिक्षक त्या मिनिटाची वाट पाहत राहिले.

संख्याशास्त्र जाणणाऱ्यांना मात्र हा संकेत पटत नव्हता. डॉनल्ड मॉरिसन यांनी १९७६ सालीच प्वासाँ वितरणाच्या आधारे, गोलरक्षक याहून लवकर काढावा असे दाखवले होते. २०१८ साली क्लिफ अ‍ॅसनेस आणि एरन ब्राउन या अर्थक्षेत्रातल्या जोडीने पुन्हा हिशेब मांडला. त्यांचे दर साधारण असे: एरवी दहा सेकंदांत कोणत्याही संघाने गोल करण्याची शक्यता शेकडा ०.६५. गोलरक्षक काढला की आपली शक्यता वाढून सुमारे २ होते, तर प्रतिस्पर्ध्याची ४.३. म्हणजे आपला लाभ तिप्पट आणि समोरच्याचा सहा पटींहून अधिक! कोणता शहाणा हा सौदा करील?

जो हरत आला आहे, तो करील. बरोबरीत असलेल्या संघाने तो करणे हा वेडेपणा ठरेल. मागे असलेल्या संघाला मात्र आणखी एक गोल खाल्ल्याने फारसे काही गमवायचे नसते आणि एक गोल केल्याने बरेच काही मिळवायचे असते. हे दर घेऊन मी कागदावर ढोबळ आकडेमोड केली. एका गोलाने मागे असताना सहा मिनिटे उरली आहेत. पाच मिनिटे नेहमीप्रमाणे खेळून शेवटच्या मिनिटात गोलरक्षक काढला, तर शंभरात सुमारे तेवीस वेळा बरोबरी होते. तोच सहाव्या मिनिटापासून काढला, तर सुमारे अठ्ठावीस वेळा. या जोडीचा निष्कर्षही तसाच होता: एका गोलाने मागे असाल तर सुमारे सहा मिनिटे आधी, आणि दोन गोलांनी मागे असाल तर त्याहूनही पुष्कळ आधी गोलरक्षक काढावा.

मग प्रशिक्षक तसे का करीत नव्हते? गणित कच्चे होते म्हणून नव्हे. गोलरक्षक सहा मिनिटे आधी काढला आणि पाठोपाठ दोन गोल खाल्ले, तर प्रेक्षक आणि वृत्तपत्रे प्रशिक्षकाला फाडून खातात. शेवटच्या मिनिटात काढून हरला, तर ‘बिचाऱ्याने शेवटपर्यंत प्रयत्न केले’ असे म्हणतात. हार दोन्हीकडे सारखीच असते, पण दोष एकीकडेच लागतो. रूढ ४० सेकंदांमागे या दोषाची भीती होती.

हा संकेत ठळकपणे मोडणाऱ्यांपैकी एक म्हणजे पॅट्रिक रॉय, आणि गंमत अशी की ते स्वतः नामवंत गोलरक्षक होते. कोलोरॅडो संघाचे प्रशिक्षक असताना एप्रिल २०१४ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या बाद फेरीतल्या सामन्यात त्यांनी सुमारे तीन मिनिटे आधी गोल रिकामा केला. १३ सेकंद उरलेली असताना पॉल स्टॅस्टनी यांनी बरोबरी साधली, आणि जादा वेळेत त्यांनीच विजयी गोल केला. तेव्हापासून इतरही प्रशिक्षक हळूहळू लवकर धजावू लागले आहेत.

आपल्या मैदानी हॉकीतही हे चालते. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत कांस्यपदकाच्या सामन्यात आपण ५-४ असे पुढे असताना जर्मनीने अखेरच्या मिनिटांत गोलरक्षक काढला होता. अगदी शेवटच्या सेकंदांत त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि श्रीजेशने तो अडवला. आपण ४१ वर्षांनी मिळालेल्या पदकाचा जल्लोष केला, तो रास्तच. पण जर्मनीचा निर्णय चुकीचा नव्हता. निर्णयाची प्रत एका निकालावरून ठरत नाही.

आता झोप का उडाली ते सांगते. २००१ साली सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे दाखल होता. पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा. निदान गुलेन-बॅरेचे, ज्याला आपण जीबीएस म्हणतो. एका श्वासात तो सकाळी वीसपर्यंत आकडे म्हणत होता, दुपारी पंधरापर्यंत, रात्री नवापर्यंत. आवाज नाकात गेला होता, लाळ घशात साठत होती. ऑक्सिजन मात्र ९८. बोलत्या मुलाच्या घशात नळी घालायची? आईबाप काय म्हणतील? मी ठरवले, सकाळपर्यंत पाहू. पहाटे साडेतीनला त्याचा श्वास थांबला. धावपळीत नळी घातली, हृदय पुन्हा सुरू झाले, जीव वाचला; पण शाळेत जाणारा तो मुलगा काही परत आला नाही. घरी जाताना त्याच्या वडिलांनी माझे पाय धरले आणि म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही शेवटपर्यंत प्रयत्न केलेत.’’

काही वर्षांनी अशाच एका मुलीला मी भर दुपारी, ती बोलत असतानाच, नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवले. सहाव्या दिवशी तिला न्यूमोनिया झाला. ‘हसतीबोलती पोर डॉक्टरीणबाईंनी यंत्राला जुंपली’ हे वाक्य मी रोज वॉर्डाबाहेर ऐकत होते. सहा आठवड्यांनी ती चालत घरी गेली. गेली नसती, तर माझे पाय कुणी धरले नसते.

खेळ आणि वैद्यक यांत मोठे अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे तीन गोलांची हार एका गोलाच्या हारीइतकी स्वस्त नसते. विषाणुजन्य तापाने आलेली बहुतेक मुले बरोबरीतच खेळत असतात. तिथे हात आवरणे हेच उत्तम. म्हणून पहिला प्रश्न, आपण मागे पडलो आहोत का, हा असतो. मागे असू तर ऑक्सिजनचा ९८ हा आकडा फसवा दिलासा देतो, आणि ‘सकाळपर्यंत पाहू’ हाही एक निर्णयच असतो, जोखमीसकट घेतलेला.

टोरांटोहून परतल्यावर मी एक पद्धत सुरू केली. जीबीएसचे मूल दाखल झाले की उजेडी, डोके शांत असताना, केसपेपरवर लिहून ठेवायचे: श्वासातली मोजणी निम्म्यावर आली किंवा लाळ गिळता येईना, तर नळी. आईवडिलांना ते तेव्हाच समजावून सांगायचे. मागल्या पावसाळ्यात रात्री दोनला निवासी डॉक्टरचा फोन आला, ‘‘मॅडम, अठरावरून नऊवर आलाय. पण ऑक्सिजन ९८ आहे, बोलतोय अजून.’’

मी म्हटले, ‘‘तयारी कर. मी निघाले.’’