मेन अँड मोटर्स: साडेतेरा वर्षांची वाहिनी

मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनचं नाव ब्रिटनमध्ये आजही मानानं घेतलं जातं. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही १९६० पासून आजतागायत चालू असलेली मालिका या कंपनीची. ‘वर्ल्ड इन अ‍ॅक्शन’ हा भल्याभल्यांना घाम फोडणारा शोधपत्रकारितेचा कार्यक्रम तिचा. पॉल स्कॉटच्या कादंबऱ्यांवरची आणि भारतात येऊन चित्रित केलेली ‘द ज्युएल इन द क्राउन’ही तिचीच. याच घरातून १ ऑक्टोबर १९९६ रोजी एक वाहिनी निघाली. गिऱ्हाईक कोण आणि माल काय, हे तिनं नावातच सांगून टाकलं होतं: ग्रॅनडा मेन अँड मोटर्स.

तिच्या जन्मामागे पुरुषांविषयीचा फार मोठा विचार होता असं नाही. उपग्रह वाहिन्यांचा धंदा वाढत होता आणि ग्रॅनडानं माध्यमसम्राट मर्डोक यांच्या बीस्कायबी ऊर्फ स्काय या उपग्रह कंपनीबरोबर भागीदारी केली होती. या ग्रॅनडा स्काय ब्रॉडकास्टिंगनं एका दमात चार वाहिन्या काढल्या. जुन्या मालिकांसाठी ग्रॅनडा प्लस, गप्पांसाठी टॉक टीव्ही, घर-स्वयंपाक-बागेसाठी गुड लाइफ आणि चौथी ही. तेव्हा उपग्रहावरची जागा महाग होती. मेन अँड मोटर्सला सुरुवातीला पूर्ण दिवसही मिळाला नाही. दिवसा भागीदारीतली दुसरी वाहिनी चालायची आणि रात्री तीच जागा हिच्याकडे यायची. पुरुषांनी रात्री टीव्ही बघायचा, असा तो सरळसोट हिशेब होता. घराघरांत माणसं खरोखर कशी राहतात, याची चौकशी त्यात कुठे दिसत नाही.

काळ मात्र अनुकूल होता. १९९४ मध्ये ‘लोडेड’ हे मासिक निघालं आणि ब्रिटिश तरुणांच्या एका मोठ्या गटाला आपलीच भाषा छापून आल्यासारखं वाटलं. बिअर, फुटबॉल, गाड्या, चावट विनोद आणि कमी कपड्यांतल्या मुलींची छायाचित्रं असा सगळा मसाला. ‘एफएचएम’ आणि ‘मॅक्सिम’ही त्याच वाटेनं गेले. संवेदनशील, घरकाम वाटून घेणाऱ्या ‘नव्या पुरुषा’ची आधीच्या दशकात बरीच चर्चा झाली होती, या मासिकांना तिच्यावरचा उतारा मानलं गेलं. मेन अँड मोटर्स म्हणजे याच मासिकांची टीव्हीवरची आवृत्ती. संध्याकाळी गाड्या आणि मोटारसायकली, रात्र चढली की कामुक कार्यक्रम. रात्री नऊनंतर प्रौढांसाठीचं दाखवायला ब्रिटिश नियमांत मोकळीक असते. तिचा पुरेपूर फायदा वाहिनीनं घेतला आणि तिची बदनामीही त्यामुळेच झाली. आजही ब्रिटनमध्ये तिचं नाव काढलं, की चाळिशीपुढचे पुरुष आधी ओशाळं हसतात.

ते हसू मला पटत नाही, कारण या वाहिनीचा दुसरा अर्धा भाग खरोखर दखल घेण्याजोगा होता.

तुटपुंज्या पैशात मोटारीची चाचणी पडद्यावर कशी आणतात, ते पाहण्यासारखं असतं. कॅमेरा एक, गाडी एक, निवेदक एक. गाडी वळणावरून येताना दिसते, समोरून जाते, मग लांब जाताना दिसते. आपल्याला ती एकच फेरी वाटते. प्रत्यक्षात गाडी तीन वेळा मागे नेऊन त्याच वळणावरून पुन्हा आणलेली असते. मग कॅमेरावाला शेजारच्या सीटवर अंग चोरून बसतो. निवेदकानं गिअर बदलत, आरशात बघत, समोरचा ट्रक चुकवत क्लचविषयी बोलायचं असतं आणि वाक्य अडखळलं तर पुन्हा पहिल्यापासून. आभाळ भरून आलं तर पहिल्या फेरीतलं ऊन आणि दुसरीतली सावली जुळत नाही. हेलिकॉप्टर नाही, विमानतळाची मोकळी धावपट्टी नाही, धूर काढत घसरणारी फेरारी नाही. अशा वेळी प्रेक्षकाला धरून ठेवायला निवेदकाच्या जिभेखेरीज आणि माहितीखेरीज काहीच हाताशी नसतं.

या शाळेत तयार झालेलं सर्वांत मोठं नाव म्हणजे रिचर्ड हॅमंड. ‘टॉप गिअर’ या मोटारींच्या कार्यक्रमामुळे तो आपल्याकडेही पोचला. त्याआधी त्यानं इंग्लंडच्या उत्तर भागातल्या स्थानिक रेडिओ केंद्रांवर उमेदवारी केली आणि मग मेन अँड मोटर्सवर गाड्यांचे कार्यक्रम केले. २००२ मध्ये बीबीसीनं नव्या रूपातलं ‘टॉप गिअर’ सुरू केलं, तेव्हा मुख्य निवेदक जेरेमी क्लार्कसनशेजारी उभा राहिलेला हा तरुण कॅमेऱ्यासमोर इतका मोकळा होता, त्यामागे ही सगळी वर्षं होती. छोट्या वाहिनीवर रोज काहीतरी भरून काढावं लागतं आणि रोज उभं राहिलं की माणूस तयार होतो. मोठ्या वाहिन्या नवख्याला इतकी संधी देत नाहीत.

विषयाची निवडही मला महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची सक्तीची तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. ब्रेक, टायर, दिवे, धूर, गंज, सगळं पाहिलं जातं. त्यात गाडी नापास झाली तर रस्त्यावर आणता येत नाही. बहुसंख्य लोक वापरलेलीच गाडी घेतात आणि त्यांना वर्षातला हा दिवस परीक्षेच्या निकालासारखा वाटतो. अशा घराला लाखो पौंडांच्या सुपरकारपेक्षा सहा वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये काय बघून घ्यायचं, हे कळण्याची जास्त गरज असते. मोटारींच्या छोट्या कार्यक्रमांचा खरा उपयोग तिथे होता.

शिवाय ही वर्षं ब्रिटिश मोटारउद्योगाच्या पडझडीची होती. बीएमडब्ल्यूनं २००० मध्ये रोव्हर ही ब्रिटिश कंपनी सोडून दिली आणि एप्रिल २००५ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यातलं काम थांबलं, हजारो कामगार एकदम घरी बसले. त्या शेवटच्या धडपडीत रोव्हरनं (तेव्हा एमजी रोव्हर) ‘सिटीरोव्हर’ नावाची छोटी गाडी विकून पाहिली होती. ती होती पुण्यात बनलेली टाटा इंडिका. किंमत जास्त लावली आणि आतली कारागिरी तिथल्या गिऱ्हाईकाला पसंत पडली नाही, त्यामुळे गाडी चालली नाही. पुढे तीनच वर्षांत, २००८ मध्ये, टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. इतकी मोठी उलथापालथ डोळ्यांसमोर घडत असताना मोटारींना वाहिलेली एक वाहिनी हातात असणं ही केवढी संधी होती! मालकांनी तीत पैसा ओतला असता, तर कारखाने, कामगार आणि गाड्या यांचा इतिहास तिथे उभा राहिला असता.

मालकांनी पैसा ओतला नाही. रात्रीचा माल स्वस्तात मिळत होता, बघणारे मिळत होते, मग कष्ट कशाला घ्या? माझा या वाहिनीवरचा खरा राग इथे आहे. बाईला गाडीच्या बॉनेटवर बसवण्याची वस्तू समजणं हे वाईट होतंच. त्याच्या जोडीला, इंजिनात रस असलेल्या प्रत्येक पुरुषाला हेच हवं असणार, हे गृहीत धरणंही अपमानाचं होतं. मोटारींचं वेड ही काही पुरुषांची मक्तेदारी नव्हे. विकी बटलर-हेंडरसन ही स्वतः शर्यतीत गाडी चालवणारी पत्रकार त्याच काळात आधी जुन्या ‘टॉप गिअर’वर आणि मग ‘फिफ्थ गिअर’वर गाड्यांची परीक्षा घेत होती आणि प्रेक्षक तिचं ऐकत होते. जर्मनीच्या सबीना श्मिट्झनं ‘टॉप गिअर’मध्ये चक्क फोर्डची मालवाहू व्हॅन नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गाच्या अवघड वळणांवरून पळवून दाखवली, ती फेरी लोक अजून शोधून बघतात.

भागीदारीतल्या इतर वाहिन्या एकेक करून गेल्या. टॉक टीव्ही वर्षभरही टिकली नाही. गुड लाइफचं नाव बदलून ब्रीझ केलं, तीही २००२ मध्ये बंद पडली. २००४ मध्ये ग्रॅनडा आणि कार्लटन या दोन टीव्ही कंपन्या एकत्र येऊन आयटीव्ही कंपनी झाली, तिनं स्कायचा हिस्सा विकत घेतला आणि प्लसच्या जागी आयटीव्ही ३ आणली. चारही भावंडांत मेन अँड मोटर्सच टिकली, पण घरात तिला वाली उरला नाही. २००५ मध्ये त्याच कंपनीनं आयटीव्ही ४ काढली. खेळ आणि पोलिसी मालिका दाखवून तोच पुरुष प्रेक्षक ओढायचा, तोही जाहिरातदारांना संकोच वाटणार नाही अशा रीतीनं. २००७ मध्ये डेव्ह ही वाहिनी आली. ‘टॉप गिअर’चे जुने भाग आणि विनोदी चर्चांचे कार्यक्रम यांवर तिनं जम बसवला. रात्रीच्या कामुक कार्यक्रमांना तर आता कुणी वाहिनी लावून वाट पाहण्याची गरजच नव्हती. इंटरनेट घरात आलं होतं.

शेवट नीतीच्या प्रश्नावरून झाला नाही, जागेवरून झाला. २०१० च्या उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलचा विश्वचषक होता आणि आयटीव्हीला आपली मुख्य वाहिनी हाय डेफिनिशनमध्ये दाखवायची होती. हाय डेफिनिशन चित्राला उपग्रहावर साध्या चित्राच्या कितीतरी पट जागा लागते. १ एप्रिल २०१० रोजी मेन अँड मोटर्स बंद झाली आणि लगेच आयटीव्ही वन एचडी सुरू झाली. १२ जूनला इंग्लंड-अमेरिका सामन्यात स्टीव्हन जेरार्डनं चौथ्याच मिनिटाला गोल केला. नेमक्या त्या क्षणी एचडीच्या प्रेक्षकांना तांत्रिक चुकीमुळे मोटारीची जाहिरात दिसत होती. लोक भयंकर संतापले. मेन अँड मोटर्स बंद झाली तेव्हा असा संताप कुणी केला नव्हता.

पुरुषांसाठीची आणखी एक वाहिनी, ब्राव्हो, पुढच्या नऊ महिन्यांत गेली. स्कायनं ती इतर वाहिन्यांबरोबर विकत घेतली आणि १ जानेवारी २०११ ला बंद केली. त्या वळणाच्या नियतकालिकांचाही बाजार उठला. ‘नट्स’ २०१४ मध्ये संपलं, ‘लोडेड’ची छापील आवृत्ती २०१५ मध्ये थांबली आणि ‘एफएचएम’नंही त्याच वर्षाअखेर छपाई आवरली.

एका गाडीची, एका निवेदकाची, साध्या रस्त्यावरची चाचणी मात्र संपली नाही. मराठीत मोबाइलच्या कॅमेऱ्यावर जुन्या गाड्या तपासून दाखवणारी मुलंमुली आज तेच काम करत आहेत. मेन अँड मोटर्सच्या जुन्या चाचण्या कुठे पाहायला मिळाल्या, तर त्यांनी त्या जरूर पाहाव्यात. थोड्या पैशात, ओळखीच्या गाडीवर, बघणाऱ्याचं लक्ष कसं टिकवायचं, हे त्यांतून शिकता येईल. रात्रीच्या कार्यक्रमांत शिकण्यासारखं काही नाही.